४ फुटी पॅराकॉर्ड चाबूक: गाभा कसला, दोरी किती?

सुटा_पेड:
नमस्कार मंडळी. ४ पेडी आणि ८ पेडी गोल वेणी नीट जमते. आता पॅराकॉर्डचा (पॅराशूटसाठीची दोरी, बाहेर विणलेली नळी आणि आत सुटे धागे), हवेत फटकारला की कडाडणारा चाबूक करायचा आहे. निव्वळ छंद, जनावरावर चालवायचा नाही.

पहिल्यासाठी बुलव्हिप घ्यावी की स्नेक व्हिप? ४ फुटाला किती मीटर दोरी लागेल? आतले धागे काढायचे की ठेवायचे? परदेशी व्हिडिओंत गाभ्यात एअरगनच्या गोळ्या भरतात, त्याला इकडे पर्याय काय?

गोफवाला:
स्नेक व्हिपच घ्या. बुलव्हिपच्या मुठीत ८ ते १० इंची सळई असते आणि ती संपते तिथून मऊ वेणी सुरू होते. तो सांधा नीट बांधता आला नाही तर चाबूक तिथेच बिजागरीसारखा दुमडतो. स्नेक व्हिपला सळईच नसते.

आधी दोरी तपासा. '५५०' (म्हणजे ५५० पौंड ताण सोसणारी) छापलेली दोरी नायलॉनचीच असते असे नाही. बोटभर तुकडा पाण्यात बुडवून आतली हवा दाबून काढा. तरीही तरंगला तर पॉलिप्रॉपिलीन. ती घेऊ नका. खरी ५५० साधारण ४ मिमी जाड, आत ७ धागे, आणि ते धागे पुन्हा दोन-तीन बारीक पदरांचे.

आता मूळ मुद्दा. हाताने दिलेला वळसा वेणीतून पुढे सरकतो. पुढची वेणी हलकी होत गेली तर त्याचा वेग वाढत जातो, शेवटी टोक आवाजाच्या वेगाला, म्हणजे सेकंदाला सुमारे ३४० मीटरला, मागे टाकते आणि कडाका होतो. जाडी सगळीकडे सारखी राहिली तर कडाका काढणे अवघड होते, बहुतेकदा नुसती सपसप ऐकू येते. चामड्याची पट्टी कापतानाच निमुळती करता येते, पॅराकॉर्डची जाडी ठरलेली. म्हणून उतार दोनच गोष्टींतून मिळतो: आतले थर वेगवेगळ्या ठिकाणी संपवणे आणि वाटेत पेड गाळत जाणे.

१२० सेंमी लांबीसाठी (फॉल म्हणजे वेणीपुढची एकेरी दोरी आणि क्रॅकर म्हणजे तिच्या टोकाचा झुपका, हे वेगळे) माझे माप असे.

गाभा: ५० सेंमी दोरीतले धागे काढून त्या नळीत ४० सेंमीपर्यंत छर्रे भरा. सायकलवाल्याकडे मिळणारे ५/३२ इंची, म्हणजे जवळपास ४ मिमीचे. सुमारे १०० लागतात, वजन २६ ग्रॅमच्या आसपास. शिशाच्या गोळ्या नकोत, भरताना शिसे हाताला लागते. शेवटच्या छर्‍यापुढची रिकामी नळी कापू नका, तिच्यात काढलेले धागे सरकवा, म्हणजे कडक भाग एकदम संपत नाही.

पहिली आतली वेणी: ४ पेडी, ७० सेंमीपर्यंत. २.४ मीटरच्या २ दोर्‍या मधोमध दुमडून, प्रत्येकीचा एक पेड डावीकडे, एक उजवीकडे.

दुसरी: ८ पेडी, ९५ सेंमीपर्यंत. ५० सेंमीवर ६ पेड, ७५ वर ४. दोर्‍या १.८ मीटर, २.५ मीटर आणि ३.२ मीटरच्या दोन.

वरची वेणी: १२ पेडी. ४५ सेंमीवर १० पेड, ७० वर ८, ९५ वर ६, आणि ६ पेडांवरच शेवट. दोर्‍या १.८, २.६, ३.६ मीटर आणि ४.४ मीटरच्या तीन. ३.६ वालीचे गाळलेले पेड २०-२५ सेंमी लांब ठेवा, कारण शेवटच्या भागात आत भरायला तेवढेच असतात.

बेरीज ३७ मीटरच्या वर जाते. म्हणजे ३० मीटरचे एक बंडल पुरत नाही, दोन आणा.

प्रत्येक थर झाला की मोची वापरतात तो मेणाचा दोरा त्यावर तिरका, घट्ट गुंडाळा आणि दोन फळ्यांमध्ये दाबून लाटा. इलेक्ट्रिकची टेप अजिबात नको. ती ताणली जाते, उन्हात तिचा गोंद सुटतो आणि वरची वेणी आतल्यावर घसरू लागते.

चर्‍हाट:
मापे ठीक आहेत, पण ७० आणि ९५ सेंमी या दोन्ही जागी आतला थर संपतो आणि वरचे पेडही तिथेच गळतात. तिथे पायरी पडणार. वरचे पेड ६५ आणि ९० वर गाळा. दोन बदल एकाच जागी आणायचे नाहीत, ४-५ सेंमीचे तरी अंतर हवे.

गाळायचा पेड कापून जाळू नका. बाहेरच्या टोकाला लायटर चालतो, पण आत राहिला तर त्या वितळलेल्या टोकाचा खडा होतो, बाहेरून टोचतो आणि शेजारचे पेड झिजवतो. टोक तिरपे कापा, धागे विसकटू द्या आणि गाभ्याच्या कडेने सरळ झोपवा.

धागे काढण्याबद्दल: आतल्या वेण्यांचे काढाच. वरच्या वेणीचे काढले तर पेड चपटे बसतात, वीण दाट येते, चाबूक बारीक दिसतो. ठेवले तर पेड गोल राहतात, चाबूक जाड होतो, पण खडबडीत जमिनीवर जास्त टिकतो. ४ फुटीला मी काढायच्याच बाजूने आहे. धागे ठेवून केलेला इतका आखूड चाबूक टोकाकडे बोजड होतो.

वीण: सर्वांत वरचा पेड मागून फिरवून समोरच्या बाजूच्या पेडांमधून आपल्या बाजूला परत आणायचा, एकदा डावीकडचा, एकदा उजवीकडचा. १२ पेडांना तीनखालून-तीनवरून, १० ला तीनखालून-दोनवरून, ८ ला दोन-दोन, ६ ला दोनखालून-एकवरून. ८ पेडी येते म्हणजे १२ पेडीत नवे काही नाही, फक्त पेड ओळखायला वेळ लागतो.

शिवण, म्हणजे दोन्ही बाजूंचे पेड भेटतात ती रेघ, पिळत जाते ही नेहमीची तक्रार. कारण बहुतेक वेळा एकच: उजव्या हाताचा ताण डाव्यापेक्षा जास्त. काम छातीच्या उंचीवर हुकाला टांगा, दर १० सेंमीला थांबून शिवण पाहा, आणि पिळली असेल तर तिथपर्यंत उसवा. पुढे जाऊन ती सरळ होत नाही. करंगळीला आणि तर्जनीच्या सांध्याला कापडी टेप लावा, नायलॉन कातडी कापतो.

सुटा_पेड:
दोघांचेही आभार. ६५ आणि ९० लिहून घेतले. फॉल आणि क्रॅकर कशाचे? आणि मेणात बुडवतात ते आवश्यक आहे का?

गोफवाला:
७०-९५ ची हरकत मान्य. पेड लवकर गळाले तरी दोर्‍यांची मापे बदलू नका, जास्तीचे टोक आतच जाईल.

फॉल म्हणजे वेणीपुढची एकेरी दोरी. धाग्यांसकट पॅराकॉर्ड, ४५ ते ५० सेंमी. तिच्या टोकाला छोटा फास शिवून वेणीचे ६ पेड त्यातून ओढा. मग एकेक पेड बाकीच्यांभोवती फिरवून त्याच फेर्‍याखालून काढून आवळा, सगळ्या गाठी एकाच दिशेने. फॉल झिजतो, म्हणून तो बदलता येईल असाच बांधायचा.

क्रॅकरसाठी काढलेले धागे वापरा. ७० सेंमीचा धागा घट्ट पिळा, मधोमध दुमडला की आपोआप उलटा पीळ बसतो. साधी गाठ मारून पुढे ३-४ सेंमी झुपका मोकळा ठेवा. तार किंवा मासेमारीची जाड तंगूस घालू नका, तुटलेला तुकडा कुठे उडेल सांगता येत नाही.

चर्‍हाट:
मेण आवश्यक नाही, पण फरक पडतो: वजन वाढते, पेड जागेवर बसतात, वीण कमी झिजते. मेणबत्तीचे पॅराफिन घ्या. पातेले थेट गॅसवर नाही, पाण्याच्या भांड्यात ठेवून वितळवा, कारण मेणाची वाफ पेटते. बुडबुडे थांबेपर्यंत चाबूक आत, मग फडक्याने पुसून गरम असतानाच लाटा. हे पॅराफिन साधारण ५५ ते ६० अंशांना वितळते, म्हणून मे महिन्यात चाबूक बंद गाडीत ठेवू नका.

नायलॉनला पाण्याचे वावडे नाही. फ्लोरिडातले गुराखी दमट हवेमुळेच चामड्याऐवजी नायलॉनचे 'काऊ व्हिप' वापरतात. त्यात लाकडी मूठ वेगळी असते आणि वेणी तिच्या टोकाच्या भोकातून बांधलेली. स्नेक व्हिपनंतर करून पाहायला तोच प्रकार सोपा, सळईचा सांधा टळतो.

आवाज काढताना गॉगल, टोपी, लांब बाह्या हव्यातच आणि चहूकडे १० फूट मोकळे. सिमेंटवर सराव करू नका, गवत पाहा. डोक्यावरून गोल फिरवत बसण्यापेक्षा खांद्यावरून सरळ पुढे फेक शिका. परतताना टोक कानाजवळून जाते, म्हणून हात शरीरापासून थोडा बाहेर ठेवा.