अकरावीच्या मुलांसाठी व्हेपविरोधी पोस्टर करतेय, काय लिहू?

अकरावीची_बाई
नमस्कार मंडळी. मी पुण्यात ज्युनिअर कॉलेजला बायोलॉजी शिकवते. गेल्या महिन्यात प्रॅक्टिकलला एका मुलाच्या पाऊचमधून हायलायटरसारखी निळी कांडी खाली पडली, व्हेप म्हणजे ई-सिगारेटची. उचलली तर आंब्याच्या गोळीचा वास. मुलगा मान वर करेना, कान लालबुंद. रागावायचं मला सुचलंच नाही, पोटात गोळा आला नुसता.

मग आम्ही पोस्टर लावलं. कवटी, काळं पडलेलं फुप्फुस, खाली ‘व्हेपिंग म्हणजे मृत्यूला आमंत्रण’. दोनच दिवसांनी जिन्यात एक मुलगी मैत्रिणीला सांगत होती, “अगं, माझा दादा दोन वर्षं ओढतोय, कुठं काय झालंय त्याला?” तिला ते खोटंच वाटलं होतं. आता नवीन पोस्टर करायचंय. मुलांना पटेल असं काय लिहावं? ‘पॉपकॉर्न लंग’ हा फुप्फुसाचा आजार होतो म्हणतात, ते टाकू का? आणि २०१९ पासून बंदी आहे, तेही लिहावं का?

छातीचा_डॉक्टर, कोल्हापूर
मॅडम, ‘पॉपकॉर्न लंग’ अजिबात टाकू नका. पॉपकॉर्नच्या कारखान्यात डायअॅसिटिल (लोण्याचा वास देणारं रसायन) हुंगणाऱ्या कामगारांना तो आजार झाला होता, व्हेपमुळे होतो हे सिद्ध झालेलं नाही. अमेरिकेत २०१९-२० मध्ये २,८०७ जण फुप्फुसाच्या इजेनं दवाखान्यात गेले, ६८ दगावले, हे खरं. पण त्यातल्या बहुतेकांनी गांजाच्या अर्काच्या व्हेप कार्ट्रिज ओढल्या होत्या आणि त्यात व्हिटॅमिन ई अॅसिटेट मिसळलेलं सापडलं. एक गोष्ट ताणून सांगितलेली पकडली की मुलं बाकीच्या नऊ खऱ्या गोष्टीही सोडून देतात.

खरं काय ते सांगा. साधं निकोटिन जास्त झालं की घसा जळतो, माणूस आपसूक थांबतो. या कांड्यांत बऱ्याचदा बेन्झोइक अॅसिड घालून निकोटिनचं सॉल्ट केलेलं असतं. घशाला टोचत नाही, म्हणून भरपूर आत जातं. ‘मऊ लागतं’ ही सोय नाही, सवय लावण्याची युक्ती आहे. मेंदू साधारण पंचविशीपर्यंत घडत असतो, त्या वयात ती पटकन लागते. हे तुम्ही बायोलॉजीच्या तासाला माझ्यापेक्षा छान समजवाल.

कायद्याची एक ओळ पुरे, तीही विकणाऱ्याबद्दल: पहिल्या गुन्ह्याला १ वर्षापर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. मुलाला गुन्हेगार ठरवलंत तर तो तुमच्याकडे येणारच नाही.

तिसऱ्या_वर्षाचा
मॅडम, मी बारावीपासून ओढत होतो, सोडून आठ महिने झाले. फुप्फुसाची भीती मला कधीच वाटली नाही. लाज वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. सकाळी डोळे उघडायच्या आधी हात रजईत कांडी चाचपडायचा. तीन तासांच्या पेपरला दीड तासानंतर प्रश्नच दिसेना, नुसती बाथरूमची वाट आठवायची. आईनं हाक मारली तरी अंगावर धावून जायचो. ते लिहा. प्रत्येक ओढणाऱ्याला आपलंच वाटेल.

आणि पोस्टरवर कांडीचं चित्र नको. सोडल्यावर पहिले दोन आठवडे नुसतं चित्र दिसलं तरी मला तलफ यायची.

पोस्टरवाली
जागेचाही विचार करा ताई. अमेरिकेच्या एफडीएनं (अन्न-औषध प्रशासनानं) २०१८ मध्ये हायस्कूलच्या बाथरूममध्येच पोस्टर लावली होती. मुलं ओढतात तिथंच, एकटी असताना वाचतात. नोटीस बोर्डावर मित्रांसमोर थांबून कोण वाचणार? एका पोस्टरवर एकच वाक्य, आणि खाली मदत कुठं मिळेल ते ठळक.

अकरावीची_बाई
सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री बसून केलं:

‘सकाळी डोळे उघडायच्या आधी हात काय शोधतो?’
खाली: ‘सोडायचंय? फोन करा, १८००-११-२३५६, पैसे लागत नाहीत. किंवा बायो लॅबमध्ये या. नाव लिहून घेणार नाही, घरी कळवणार नाही.’

शेवटच्या ओळीसाठी प्राचार्यांशी तासभर बोलावं लागलं, पण मिळाली. तिसऱ्या_वर्षाचा, पहिली ओळ तुझी आहे बाळा. वापरली तर चालेल ना?

तिसऱ्या_वर्षाचा
वापरा मॅडम. आणि लॅबमध्ये कुणी आलं, तर पहिले तीन दिवस फार चिडचिड होते, झोप लागत नाही, हे आधीच सांगून ठेवा. मला कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून पहिल्यांदा दुसऱ्याच दिवशी परत ओढलं होतं.