रेशमासारखी चमकणारी पण पूर्ण सुती साडी, दुकानात कशी ओळखायची?

धागादोरा
आईने रेशीम सोडलंय. कोष उकळतात तेव्हा आत जीव असतो हे कळल्यापासून ती नेसतच नाही, दोन पैठण्या होत्या त्यापण मावशीला देऊन टाकल्या. आता डिसेंबरमध्ये भावाचं लग्न आहे आणि तिला थोडी झळाळी असलेलं काहीतरी हवंय. सिंथेटिक चालत नाही, घामोळं येतं. मागच्या दिवाळीला मी एका दुकानातून 'शायनिंग कॉटन' म्हणून मोरपंखी साडी आणली होती, ट्यूबलाइटखाली काय झळकत होती, पण पहिल्याच धुण्यात बादलीतलं पाणी पेजेसारखं पांढुरकं झालं आणि दोरीवर वाळली तेव्हा नुसतं मांजरपाट. आई काही बोलली नाही, घडी घालून ठेवून दिली. मलाच फार लागलं ते. यावेळी चुकायचं नाहीये, धुतल्यावर टिकेल अशी चमक सुतात असते का हो?

मागवाला
ताई असते, नक्की असते. मी इचलकरंजीचा, प्रोसेसिंगमध्ये बरीच वर्षं काढली. तुमच्या साडीची चमक कापडाची नव्हतीच, वरून खळ आणि मेण देऊन गरम रोलरखालून दाबून काढलेली होती, त्याला कॅलेंडरिंग म्हणतात, पाणी लागलं की गेलं.

तुम्ही मर्सराईज्ड मागा. कापसाचा तंतू मुळात पिळलेल्या चपट्या फितीसारखा असतो, उजेड पडला की तो कसाही इकडेतिकडे फेकतो म्हणून सूत मंद दिसतं. तेच सूत ताणून धरून कडक कॉस्टिक सोड्यातून काढलं की तंतू फुगून गोल आणि गुळगुळीत होतो. चमक तिथून येते, ती तंतूच्या आकारातच असते म्हणून धुतली तरी जात नाही, वर रंगही जास्त पितो. मर्सर नावाच्या इंग्रज माणसाला 1844 मध्ये सुती कापडातून कॉस्टिक गाळताना दिसलं की कापड आकसतंय आणि दाट होतंय, 1850 मध्ये त्याने पेटंटपण घेतलं. पण ताण द्यायची युक्ती 1890 च्या सुमारास लोव नावाच्या माणसाची, आणि खरी झळाळी त्या ताणाने आली. आमच्याकडे अजून ताण कमी पडला की लॉट मंद निघतो.

टाकाटिपी
मागवाला +१. मर्सराईज्ड म्हणजे काय ते हातात घेऊन बघायचं असेल तर भरतकामाची सुती लडी घ्या, ती मर्सराईज्डच असते. तिच्या शेजारी वातीचं सूत ठेवा, दोन्ही कापूसच पण फरक लगेच कळतो. आणि कॉटन सॅटिन कुणी दाखवलं तर त्याची चमक विणीची असते, एक धागा चार धाग्यांवरून जातो मग एकाखालून, त्यामुळे वर लांब लांब धागे मोकळे राहतात आणि झळकतात. चमक जात नाही, पण माझ्या उशीच्या अभ्र्यात पाटली अडकून अख्खी ओढ निघाली, लग्नात हातभर बांगड्या घालून नेसायला मी तरी नाही सांगणार.

औरंगाबादी
एक महत्त्वाचं. हिमरू, मशरू, माहेश्वरी हे कॉटन म्हणून कुणी हातात देईल पण घेऊ नका. हिमरूत ताणा म्हणजे उभा धागा सुती आणि बाणा म्हणजे आडवा धागा रेशमी, मशरूत उलटं, रेशीम वर दिसतं आणि अंगाला लागतं ते सूत. माहेश्वरीतही बहुतेक ताणा रेशमी असतो. कापडं सुंदरच आहेत, आमच्या घरात हिमरूची शाल आजीपासून आहे, पण तुमच्या आईंना चालणार नाही. इलकलचा पदर पारंपरिक रेशमाचा, हल्ली बऱ्याचदा 'चमका' असतो म्हणजे आर्ट सिल्क.

धागादोरा
आर्ट सिल्क म्हणजे रेशीम नाही ना? मग तो पदर आईला चालेल? आणि काडी लावून कळतं म्हणतात ते खरं का?

मागवाला
आर्ट सिल्क म्हणजे मुळात रेयॉन, लाकडाच्या लगद्यापासून, जीव वगैरे काही नाही, पण हल्ली त्या नावाने पॉलिस्टरही विकतात. काडीने अर्धंच कळतं. रेशीम जळताना केस जळल्याचा वास येतो, पॉलिस्टर वितळून कडक मणी होतो, पण सूत आणि रेयॉन दोन्ही कागदासारखे जळतात. तिथे धागा ओला करून ओढायचा. रेयॉन ओलं झालं की पटकन तुटतं, सूत ओलं झालं की उलट जास्त चिवट होतं. आणि खळ ओळखायला टोक बोटांत जोरात चोळा, पांढरी भुकटी पडली की परत ठेवून द्या.

धागादोरा
काल जाऊन आले. तीन दुकानांत पाणी लावू देईनात, चौथ्या दुकानातले काका म्हणाले खुशाल लावा. पदराच्या आतलं टोक भिजवलं, पंख्याखाली धरून वाळवलं, चमक होती तशीच. दशीचा धागा ओला करून ओढला तर बोटाला काचला पण तुटला नाही. जांभळी, बारीक हिरवा काठ, दशीपासून काठापर्यंत सगळं सूत. आईने खांद्यावर टाकली आणि आरशासमोरून हलेचना. ब्लाउजला अस्तर सुतीच लावू ना?

टाकाटिपी
सुतीच, आणि शिवायच्या आधी अस्तर भिजवून घ्या, नाहीतर पहिल्या धुण्यात आकसून ब्लाउज चुरगळेल.