लस प्लांटसाठी क्यूएमएस (गुणवत्ता व्यवस्थापन) सॉफ्टवेअर घ्यायचंय, यूआरएसमध्ये (आपल्या गरजांच्या यादीत) नेमकं काय लिहावं?

बेळगाव_क्यूए
नमस्कार मंडळी. बेळगावजवळच्या लस प्लांटमध्ये कागदी क्यूएमएस बंद करून सॉफ्टवेअर आणायचं ठरलंय. (लस म्हटलं की इथं लोक टिळकवाडीच्या व्हॅक्सिन डेपोकडे बोट दाखवतात. तो नव्हे, तिथं आता मंडळी फिरायला जातात.) बल्क (लसीचं मूळ द्रव्य) आणि फिलिंग (कुप्यांत भरणं) दोन्ही एकाच आवारात आहे. डॉक्युमेंट कंट्रोल, डेव्हिएशन (ठरलेल्या पद्धतीपासून झालेला फरक), चेंज कंट्रोल, कापा (चूक दुरुस्त करून पुन्हा होऊ न देणं), ओओएस (मर्यादेबाहेरचा टेस्ट निकाल), ट्रेनिंग आणि सप्लायर एवढी मॉड्यूल हवीत. वापरणारे १८० जण, पण एका वेळी ३०-३५ च्या वर कुणी लॉगिन करत नाही. तिन्ही व्हेंडर एकच पालुपद लावतात, ‘आमचं सॉफ्टवेअर आधीच व्हॅलिडेटेड (योग्य चालतं हे तपासून सिद्ध केलेलं) आहे’. पर्चेसवाले एल-वनला (सगळ्यात कमी किंमत सांगणाऱ्याला) ऑर्डर द्यायला उतावीळ झालेत. एसओपी (कामाच्या लेखी पद्धती) इंग्रजीत, आणि शिफ्टमधली निम्मी पोरं कन्नड वाचतात, निम्मी मराठी. काय मागून घ्यावं?

खानापूर_व्हॅलिडेशन
‘व्हॅलिडेटेड सॉफ्टवेअर’ नावाची वस्तू बाजारात मिळत नाही बघा. व्हॅलिडेशन होतं ते तुमच्या कॉन्फिगरेशनचं आणि तुमच्या वापराचं. गॅम्प ५ (औषध उद्योगातल्या कॉम्प्युटर सिस्टिमची मार्गदर्शिका) प्रमाणे असलं तयार सॉफ्टवेअर कॅटेगरी ४ मध्ये (कॉन्फिगर करून वापरायचं) बसतं. व्हेंडरचे टेस्टचे कागद चांगले असतील तर तुमचं काम कमी होईल, संपणार नाही. ‘तुमच्यासाठी खास कोड लिहून देतो’ असं कुणी म्हणालं, तर भुलू नका. तेवढा भाग कॅटेगरी ५ होतो आणि त्याची टेस्टिंग पुढची सगळी वर्षं तुमच्याच गळ्यात राहते.

डेमो त्यांच्या स्क्रिप्टवर बघू नका, तुमची स्क्रिप्ट हातात द्या. डेमोत बहुतेक वेळा गोळ्यांच्या कंपनीचं उदाहरण असतं. एक बॅच, एक नंबर, एक डेव्हिएशन. आपल्याकडे मास्टर सीडवरून (लस बनवायच्या जंतूच्या मूळ साठ्यावरून) वर्किंग सीड, त्यावरून बल्क, आणि एका बल्कमधून तीन-चार फायनल लॉट (भरलेल्या कुप्यांच्या तुकड्या). डेव्हिएशनच्या फॉर्ममध्ये बॅच नंबरचा नुसता टेक्स्ट बॉक्स असेल, तर बल्कवर निघालेलं डेव्हिएशन खालच्या लॉटपर्यंत पोचतच नाही. मग कुणीतरी एक्सेल उघडतो, आणि ती एक्सेल व्हॅलिडेट केलेली नसते. म्हणून स्क्रिप्टमध्ये लिहा, ‘वर्किंग सीडच्या एका अँप्यूलवर डेव्हिएशन उघडा आणि त्यातून आलेले सगळे बल्क व लॉट एका रिपोर्टात दाखवा.’ ही वंशावळ ईआरपी (कंपनीच्या कारभाराचं सॉफ्टवेअर) किंवा लिम्समधून (लॅबच्या नोंदींच्या सॉफ्टवेअरमधून) येणार असेल, तर इंटरफेसची किंमत वेगळी लिहून घ्या. कोटेशनमधून तीच हमखास गळते.

दुसरं, डेव्हिएशन मिटवायची मुदत. स्टरिलिटी टेस्टचं (जंतू नाहीत ना, या तपासणीचं) इन्क्युबेशनच १४ दिवसांचं, आणि प्राण्यांवरची पोटन्सी (लसीची ताकद मोजणारी) टेस्ट असेल तर त्याहून जास्त. सिस्टिममध्ये सरसकट ३० दिवस ठोकून ठेवले, की महिनाअखेरीस एक्स्टेन्शनचा ढीग पडतो. मुदतवाढ कारण आणि क्यूएच्या (गुणवत्ता विभागाच्या) मंजुरीशिवाय मिळू नये, आणि मूळ तारीख पुसली जाऊ नये. लॉटवर क्रिटिकल डेव्हिएशन उघडं असेल तर रिलीज अडला पाहिजे. समरी प्रोटोकॉल (लॉटच्या उत्पादन-तपासणीचा गोषवारा) कसौलीला सीडीएलकडे (सरकारी औषध प्रयोगशाळेकडे) गेल्यावर डेव्हिएशन आठवलं तर उपयोग काय?

निपाणी_सीएसव्ही
वरच्यांशी सहमत. मी टेस्टिंगच्या बाजूनं भर घालतो.

सगळ्यात जास्त फसवतं ते घड्याळ. क्लाउडचा सर्व्हर यूटीसीवर (आपल्यापेक्षा साडेपाच तास मागच्या जागतिक वेळेवर) चालतो. रात्री ३ वाजता कोल्ड रूम ८ अंशांच्या वर गेली, ऑपरेटरनं लगेच नोंद केली. स्क्रीनवर १४ तारीख, ३:०० बरोबर दिसतं. पण ऑडिट ट्रेलची (कुणी, कधी, काय बदललं या नोंदीची) पीडीएफ काढली की १३ तारीख, २१:३०. लॉगबुकात एक दिवस आणि रेकॉर्डात दुसरा. ऑडिटरला एवढं पुरतं. ओक्यूमध्ये (सॉफ्टवेअरची फंक्शन तपासायच्या टप्प्यात) स्क्रीन, पीडीएफ आणि एक्स्पोर्ट तिन्हीकडे वेळ तपासा, आणि ती टेस्ट रात्री बारा ते पहाटे साडेपाचच्या आतल्या नोंदीवरच करा. दुपारच्या नोंदीत तारखेची चूक सापडतच नाही.

सही. २१ सीएफआर पार्ट ११ (इलेक्ट्रॉनिक नोंदी-सह्यांचा अमेरिकन नियम) नुसार सलग सेशनमधल्या पहिल्या सहीला आयडी आणि पासवर्ड दोन्ही लागतात, पुढच्या सह्यांना निदान एक. सहीवर नाव, तारीख-वेळ आणि सहीचा अर्थ (तपासलं, मंजूर केलं) छापून आला पाहिजे. गाउनिंगबाहेर (स्वच्छ कपडे चढवायच्या खोलीबाहेर) एकच कॉम्प्युटर ठेवला की लॉगिन उघडंच टाकून जायची सवय लागते, तेव्हा ऑटो लॉगआउट आपल्याला बदलता येतो का ते विचारा. आणि अ‍ॅडमिनचे हक्क क्यूएकडे नको, आयटीकडे द्या. स्वतःचं डेव्हिएशन स्वतःच उघडून स्वतःच पुसायची सोय कुणालाच नको.

भाषेचं म्हणाल तर ट्रेनिंगची प्रश्नावली युनिकोडमध्ये चढते, पण पीडीएफमध्ये मार खाते. ‘निर्जंतुकीकरण’, ‘प्रशिक्षण’ हे शब्द आणि कन्नडची दोन-चार ओत्तक्षरं (खाली जोडली जाणारी अक्षरं) असलेलं एक वाक्य डेमोतच छापून बघा. फाटलेला र्ज आणि सुटलेली ओत्तक्षरं तिथंच दिसतील.

बेळगाव_क्यूए
घड्याळाचं डोक्यातच नव्हतं, धन्यवाद! लायसन्स नेमड (माणसागणिक) घ्यावं की कॉन्करंट (एका वेळी लॉगिन असणाऱ्यांच्या संख्येवर)? आणि जुने रेकॉर्ड सगळे आत घालायचे का?

उद्यमबाग_पर्चेस
तुमच्या आकड्यांना कॉन्करंट बरं, ४० घ्या. फक्त एसओपी वाचून सही करणाऱ्यांसाठी स्वस्त लायसन्स असतं का तेही विचारा. एल-वन काढायचाच असेल तर पाच वर्षांच्या बेरजेवर काढा : लायसन्स, इम्प्लिमेंटेशन, व्हॅलिडेशन, इंटरफेस, टेस्ट सर्व्हर, एएमसी (वार्षिक देखभाल). वरची स्क्रिप्ट पास होणाऱ्याचंच किमतीचं पाकीट फोडा. क्लाउड असेल तर अपडेट किती दिवस आधी कळवणार, आधी टेस्ट सर्व्हरवर देणार का, हे करारात हवं. नाहीतर सकाळी उठून बघावं तर फॉर्मच बदललेला. शेवटचा मोठा हप्ता पीक्यूवर (प्रत्यक्ष कामातल्या तपासणीवर) सही झाल्यावरच द्या. गो-लाइव्हच्या दिवशी दिला तर नंतर फोन उचलणारं कुणी उरत नाही.

जुने बंद झालेले रेकॉर्ड आत घालू नका. स्कॅन करून इंडेक्स लावून ठेवा. महिन्याभरात मिटतील ती डेव्हिएशनं कागदावरच मिटवा. लांबणारे कापा तेवढे आत घ्या, जुना नंबर वेगळ्या फील्डमध्ये ठेवून, आणि प्रत्येकाची दुसऱ्या माणसाकडून पडताळणी करून. करार संपल्यावर डेटा ऑडिट ट्रेलसकट, वाचता येईल अशा रूपात परत मिळेल हे नुसतं लिहून घेऊ नका. पीक्यूमध्येच एक जोडपत्रं असलेलं डेव्हिएशन बाहेर काढा आणि ते सॉफ्टवेअर नसलेल्या कॉम्प्युटरवर उघडून बघा.