दागेरच्या बूटपॉलिशवाल्यासारखा फोटो लक्ष्मी रोडवर कसा काढायचा?

शनिवारकर: फ्रेंच छायाचित्रकार लुई दागेरच्या 1838 च्या पॅरिसच्या फोटोत, धातूच्या प्लेटवर काही मिनिटं उजेड पडत राहिल्याने रस्त्यावरची हलती वर्दळ पुसली गेली, बूट पॉलिश करून घेणारा तेवढा उमटला. लक्ष्मी रोडवर दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीतून, भर उन्हात तसंच करायचंय. एनडी 1000 फिल्टर (उजेड हजारपट कमी करणारी काळी काच) आहे. पुरेल का?

भिंगवाला: एकटा नाही पुरणार. आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) 100, एफ/16 (लेन्सचं छिद्र बारीक) ला उन्हात शटर साधारण 1/100 सेकंद. एनडी 1000 ने ते 10 सेकंद होतं. तेवढ्यात रेंगाळणारी रिक्षासुद्धा डाग सोडते. वर एनडी 16 (उजेड आणखी सोळापट कमी) चढवा, सुमारे 160 सेकंद मिळतील. बल्ब मोड (शटर हवं तेवढा वेळ उघडं), केबल रिलीज (कॅमेरा न हलवता शटर दाबायची वायर). फोकस फिल्टर लावण्याआधीच करून मॅन्युअलवर टाका, नंतर काही दिसत नाही. डीएसएलआर असेल तर व्ह्यूफाइंडर झाका, तिथून उजेड आत शिरतो.

पेठेतली सावली: जागा सिग्नलपासून लांब बघा. 160 पैकी 40 सेकंद थांबलेली बस भुतासारखी उमटते. पार्क केलेल्या दुचाक्या ठळक येणारच, त्याला इलाज नाही. गिऱ्हाइकाने पेटीवरचा पाय हलवायचा नाही, म्हणजे पूर्ण वेळ एकाच बुटाला पॉलिश. ब्रशचा हात विरघळेल, विरघळू द्या; मूळ प्लेटवरही पॉलिशवाला गिऱ्हाइकापेक्षा अस्पष्टच आहे आणि तेच त्या फोटोचं सौंदर्य आहे.

शनिवारकर: लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन (लांब एक्स्पोजरमधले ठिपके घालवणारी कॅमेऱ्याची सोय) चालू ठेवू?

भिंगवाला: चाचणीला बंद ठेवा, नाहीतर प्रत्येक फोटोनंतर कॅमेरा आणखी तेवढाच वेळ अडकतो. आणि दागेरची प्रतिमा आरशासारखी उलटी आहे. तशीच हवी असेल तर शेवटी आडवी फ्लिप करा, पण मग दुकानांच्या पाट्याही उलट्या होतील.