टेरेल डेव्हिस: गुडघा आणि त्याआधीचं ओझं

टेरेल डेव्हिस हा अमेरिकन फुटबॉलमधल्या डेन्व्हर ब्रॉन्कोज संघाचा रनिंग बॅक, म्हणजे चेंडू घेऊन धावणारा खेळाडू. त्याची कारकीर्द एका टॅकलमुळे (चेंडूवाल्याला पाडून अडवणं) संपली, असं म्हटलं जातं. अर्धंच खरं आहे. १९९९च्या चौथ्या सामन्यात, न्यूयॉर्क जेट्स संघाविरुद्ध, चेंडू प्रतिस्पर्ध्याने पकडल्यावर त्याला अडवायला डेव्हिस धावला आणि उजव्या गुडघ्याचे एसीएल, एमसीएल हे दोन्ही अस्थिबंध फाटले. पण आधीचा हिशेब बघा. १९९७मध्ये प्लेऑफ (हंगामाअखेरचे बाद सामने) धरून ४८१ कॅरी (चेंडू घेऊन केलेल्या धावा), १९९८मध्ये ४७०. प्रत्येक कॅरीच्या शेवटी बहुधा शे-सव्वाशे किलोची एकदोन माणसं अंगावर येतात, त्यातही मार कमरेखाली. रनिंग बॅकचं सगळं भांडवल म्हणजे एका पायावर भार रोवून क्षणात दिशा बदलणं, आणि तो ताण नेमका एसीएलवर येतो. शस्त्रक्रियेनंतर सरळ धाव बरीचशी परत येते, तो 'कट' मात्र सहसा पूर्वीसारखा राहत नाही.

पहिल्या चार हंगामांत चेंडू घेऊन धावून ६,४१३ यार्ड, पुढच्या तिनांत मिळून १,१९४. एकूण सामने फक्त ७८. तरी २०१७मध्ये हॉल ऑफ फेम (खेळातल्या महान खेळाडूंच्या यादीत स्थान) मिळालं, ते योग्यच.

आताच्या करारपद्धतीत तर ड्राफ्टमधून (संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात ती पद्धत) आलेल्या नव्या खेळाडूचा पहिला करारच चार वर्षांचा असतो (पहिल्या फेरीतल्यांसाठी संघाला पाचव्याचा पर्याय). म्हणजे मोठा पैसा मागायची वेळ येते तेव्हा पाय झिजलेले असतात, आणि संघ सरळ ड्राफ्टमधून नवा, स्वस्त रनिंग बॅक उचलतात.