ड्युअल बूट लॅपटॉपवर एका सिस्टीममधून दुसरीत जाताना हायबरनेशन वापरावे का?

कोथरूडकर (धागाकर्ता)
माझ्या लॅपटॉपवर विंडोज आणि लिनक्स अशा दोन्ही सिस्टीम आहेत. दिवसभर हिंजवडीच्या कार्यालयात लिनक्सवर काम चालते आणि रात्री घरी विंडोजवर कॅडची आरेखने करतो. प्रत्येक वेळी सगळे बंद करून पुन्हा मांडायचे म्हणजे उघडे टर्मिनल, अर्धवट आरेखन, संदर्भासाठी काढून ठेवलेली पाने हे सारे विस्कटते. हायबरनेशनमध्ये रॅममधला मजकूर डिस्कवर लिहिला जातो आणि यंत्र खरोखर बंद होते, त्यामुळे बॅटरीही खर्च होत नाही. गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते तेव्हा स्लीपवर ठेवलेल्या लॅपटॉपची बॅटरी हळूहळू उतरत असते. हायबरनेट केलेल्याची ती चिंता नसते. म्हणून माझे मत असे की प्रत्येक सिस्टीमने आपापल्या विभाजनापुरते (डिस्कच्या तिला दिलेल्या भागापुरते, म्हणजे पार्टिशनपुरते) राहावे आणि अदलाबदलीसाठी हायबरनेशन निःशंकपणे वापरावे.

सदाशिवपेठी
तुमच्या शेवटच्या वाक्यातल्या ‘आपापल्या विभाजनापुरते’ या अटीवर सारा डोलारा उभा आहे आणि व्यवहारात ती अट फार थोडे लोक पाळतात. हायबरनेट झालेल्या सिस्टीमने फाइल सिस्टीम, म्हणजे डिस्कवरच्या फाइलींची मांडणी व नोंद, सोडून दिलेली नसते. कोणती जागा मोकळी, कोणती फाइल कुठे, याची तिची माहिती त्या साठवलेल्या रॅममध्ये गोठलेली असते. मुनीमजी शिल्लक डोक्यात ठेवून गावाला जावेत, मागे दुसऱ्याने वहीत नोंदी कराव्यात आणि परतल्यावर मुनीमजींनी वही न उघडता जुन्याच आकड्यांवरून पुढे लिहू लागावे, तसे हे होते. सिस्टीम जागी होते आणि लिनक्सने मधल्या काळात लिहिलेल्या जागेवर दुसरेच काही लिहून टाकते. आपल्या हातून काही बिघडले आहे याचा तिला पत्ताही नसतो.

याहून गंभीर गोष्ट अशी की अनेकांनी हायबरनेशन स्वतः निवडलेलेच नसते. २०१२ मध्ये आलेल्या विंडोज ८ पासून ‘फास्ट स्टार्टअप’ बहुतेक यंत्रांवर आपोआप चालू असते. ‘शट डाउन’ केल्यावर वापरकर्त्याचे सत्र बंद होते, पण कर्नेलचे, म्हणजे सिस्टीमच्या गाभ्याचे, सत्र हायबरफिल डॉट सिस या फाइलमध्ये जाऊन बसते. गंमत वाटेल, पण ‘रीस्टार्ट’ केले तर मात्र विंडोज पूर्ण बंद होऊन नव्याने सुरू होते. त्यामुळे विंडोज बंद केले असे समजून लिनक्समध्ये शिरणारा माणूस नकळत गोठलेल्या डिस्कवर काम करत असतो. ॲडमिनिस्ट्रेटरच्या कमांड प्रॉम्प्टवर ‘पॉवरसीएफजी /एच ऑफ’ ही आज्ञा दिली की हायबरनेशन आणि फास्ट स्टार्टअप दोन्ही जातात. ड्युअल बूट करणाऱ्या प्रत्येकाने पहिल्याच दिवशी ती द्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

कोथरूडकर
फास्ट स्टार्टअप बंद करावे, याबद्दल दुमत नाही. तिथे माणसाला न विचारता निर्णय घेतलेला असतो. मी मात्र जाणूनबुजून केलेल्या हायबरनेशनविषयी बोलतो आहे. शिवाय लिनक्स आंधळेपणाने पुढे जात नाही. विंडोजची एनटीएफएस ही फाइल सिस्टीम लिनक्समध्ये वाचता-लिहिता यावी म्हणून असलेला एनटीएफएस-३जी हा ड्रायव्हर विंडोज गोठलेले आहे हे ओळखतो आणि ते विभाजन लिहिण्यासाठी जोडायला नकार देतो. फक्त वाचण्यापुरते जोडू देतो.

सदाशिवपेठी
नकार देतो हे खरे, पण ‘रिमूव्ह हायबरफाइल’ हा पर्यायही तोच ड्रायव्हर देतो. फाइल उघडत नाही म्हणून घाईला आलेला माणूस कुठेतरी वाचून तो पर्याय वापरतो आणि विंडोजचे साठवलेले सत्र, त्यातल्या जतन न केलेल्या कामासह, पुसले जाते.

सहकारनगर
सामाईक फाइलींसाठी एनटीएफएसऐवजी एक्सफॅट या दोन्ही सिस्टीमांना चालणाऱ्या फाइल सिस्टीमचे वेगळे विभाजन केले तर हा वाद मिटणार नाही का? त्यावर असा अडथळा येत नाही.

सदाशिवपेठी
अडथळा येत नाही हेच धोक्याचे आहे. दोष एनटीएफएसचा नाही. एकाच विभाजनावर दोन सिस्टीमांनी आपापल्या आठवणीवर विसंबून लिहिण्याचा आहे. एक्सफॅट जोडताना लिनक्स अडवत नाही आणि नुकसान झालेले कित्येक दिवसांनी, एखादी फाइल उघडेनाशी झाली की कळते. हायबरनेट करण्यापूर्वी लावलेला पेन ड्राइव्ह काढून दुसऱ्या यंत्रावर वापरला आणि पुन्हा लावला, तरी हीच भीती असते.

हडपसरवाला
दोघांच्याही बोलण्यात एक गोष्ट राहिली. सिक्युअर बूट (फक्त सही केलेली प्रणालीच सुरू होऊ देणारी सोय) चालू असेल तर उबुंटू, फेडोरा यांसारख्या वितरणांत कर्नेल लॉकडाउनमुळे, म्हणजे गाभ्यावर घातलेल्या सुरक्षा-निर्बंधांमुळे, लिनक्सचे हायबरनेशन मुळात चालतच नाही. म्हणजे बहुतेकांपुढे प्रश्न एकाच बाजूचा आहे: विंडोज गोठवावे की नाही. आणि एकाच यंत्रावर दोन लिनक्स असतील तर त्यांना एकच स्वॅप (रॅममधला मजकूर साठवण्याची डिस्कवरची जागा) देऊन हायबरनेट करू नये. एकाची प्रतिमा दुसरा उचलू पाहतो किंवा मोडतो.

हायबरनेशनच्या वारंवार लिहिण्याने एसएसडी डिस्क झिजेल अशी भीतीही काहींना असते, ती मला अवाजवी वाटते. १६ जीबी रॅमच्या यंत्रावर एका वेळी ६ जीबी लिहिले जातात असे धरले, तर रोज दोन वेळा केल्यावरही वर्षाला साडेचार टीबीच्या आत राहते. चोरीची भीती मात्र रास्त आहे. रॅममधले पासवर्ड आणि किल्ल्या डिस्कवर उतरतात, म्हणून ती डिस्क एन्क्रिप्ट केलेली असलीच पाहिजे.

कोथरूडकर
हडपसरवाला यांचे म्हणणे मान्य आहे आणि त्यामुळे माझी भूमिका मी अधिक नेमकी करतो. फक्त विंडोज हायबरनेट करावे, लिनक्स नेहमी पूर्ण बंद करावे. लिनक्समध्ये विंडोजची विभाजने एफएसटॅबमधून (सुरू होताना कोणती विभाजने जोडायची त्या यादीतून) काढून टाकावीत आणि यूडेव्हचा (उपकरणे हाताळणाऱ्या लिनक्सच्या भागाचा) नियम लिहून फाइल मॅनेजरमध्येही ती दिसू देऊ नयेत, म्हणजे चुकून टिचकी मारली तरी जोडली जाणार नाहीत. फाइलींची देवाणघेवाण कार्यालयाच्या सर्व्हरवरून करावी.

सदाशिवपेठी
ही मांडणी पहिल्या मांडणीपेक्षा कितीतरी सुरक्षित आहे. तरी ईएफआय विभाजन (यंत्र सुरू करणाऱ्या फाइलींचे) दोघांचे सामाईकच राहते आणि लिनक्सचे अपडेट तिथे ग्रब (कोणती सिस्टीम सुरू करायची ते विचारणारा प्रोग्रॅम) नव्याने लिहू शकते. निदान अपडेट करण्यापूर्वी तरी विंडोज पूर्ण बंद करण्याचा नियम त्यात घाला. आणि ज्याचा लॅपटॉप घरातली इतर माणसेही वापरतात, त्याला मी आजही हायबरनेशन बंदच ठेवायला सांगेन, कारण तुमचे हे सगळे नियम फक्त तुम्हालाच ठाऊक असतात.