मदत हवी आहे: सनगरांच्या जुन्या लोकर-वाड्याची नोंद कशी करावी?

नमस्कार मंडळी,

राहतो सोलापुरात, आजोळ मंगळवेढा तालुक्यातलं. तिथे सनगर आळीत, म्हणजे घोंगडी विणणाऱ्या सनगर समाजाच्या गल्लीत, आमच्या आजोबांचा वाडा आहे. धनगरांनी कातरून आणलेली लोकर एका दारानं आत यायची आणि घोंगडं होऊन बाहेर पडायची. आता मामा तो पाडून गाळे काढणार आहेत. त्यांचं चूक म्हणवत नाही. घोंगड्यावर हल्ली घर चालत नाही.

सोलापुरात वारसा म्हटलं की भुईकोट किल्ला, इंद्रभवन, फार तर बंद पडलेल्या कापड गिरण्या. लोकरीचं नाव कुणी काढत नाही. हुलजंतीला महालिंगरायाच्या यात्रेत भंडाऱ्याबरोबर लोकरही उधळतात, तेवढीच काय ती आठवण.

वाड्यात दिमाखदार असं काही नाही. भिंती मातीच्या. पिंजायची धनुकली आढ्याला टांगलेली, तात तुटलेली. खड्डामागाच्या (खड्ड्यात पाय सोडून विणायच्या मागाच्या) काठाचा दगड बसून बसून खोलगट झालाय. माझ्या मते खरी मोलाची जागा आहे ती मागची लांबट मोकळी पट्टी. तिथे ताणा, म्हणजे मागावरचे उभे धागे, पसरून कुंच्यानं चिंचोक्याची खळ द्यायचे. कुंपणाच्या दगडांवर खळीचे पापुद्रे अजून आहेत. फोटोत मात्र ते नुसतं रिकामं परसू दिसतं!

पुरातत्त्व खात्याकडे अर्ज करण्यात अर्थ आहे का? की आधी नोंद करू? कशाची?

उत्तर:
अर्ज जरूर करा, पण राज्य संरक्षित स्मारक होणं ही लांबची गोष्ट. तोवर पाडकाम थांबेल, या भरवशावर राहू नका. आधी नोंद.

औद्योगिक वारशाच्या 2003च्या निझ्नी तागिल सनदेत इमारतींबरोबर यंत्रं आणि कार्यशाळाही येतात. कामाचं तंत्र आणि कामगारांचं जगणंही मोलाचं धरलंय. इंग्लंडमधलं सॉल्टेअर 2001 साली जागतिक वारसा झालं, ते एकट्या लोकर गिरणीमुळे नव्हे, कामगारांच्या अख्ख्या वसाहतीसकट. तुमची रिकामी पट्टी याच न्यायानं महत्त्वाची.

टेप घेऊन नकाशा काढा: ताण्याची लांबी, खड्ड्याची खोली, दारं कुठल्या दिशेला. आळीत खळ देता येणारं कुणी म्हातारं माणूस असेल तर त्याच पट्टीवर एक ताणा करवून घ्या आणि सलग चित्रीकरण करा. पिंजणं-कातणं बहुधा बायकांच्या हातचं, त्यांना वेगळं विचारा. पुरुष ते सांगायचं विसरतात.

धागाकर्ता:
आभार. मामी कातायची, तिच्यापासूनच सुरुवात करतो. खड्ड्यावरून गाळ्याची फरशी टाकली आणि खड्डा बुजवला नाही, तर पुढे उघडता येईल का? कुणी केलंय?